स्वभाव, विकार की स्वमग्नता? निदानाच्या टेबलावर आमच्या मुलांचे बालपण कोण विचारणार?

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांत, कातकरी वाड्यांवर आणि धाटाव एमआयडीसीच्या आसपासच्या कामगार चाळींत आम्ही सामाजिक काम करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी, अॅट्रॉसिटीच्या केसेस ही आमची नेहमीची कामे. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. वस्तीतल्या तरुण मुलामुलींना मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन जायचे आणि त्यांचे केसपेपर सांभाळायचे. हे केसपेपर वाचताना एक गोष्ट आम्हाला खटकू लागली. आमच्या मुलांच्या कागदावर 'व्यक्तिमत्त्व विकार' हे शब्द चटकन उमटतात. 'स्वमग्नता', म्हणजे ऑटिझम, हा शब्द मात्र क्वचित दिसतो, आणि दिसला तरी फार उशिरा.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हा डॉक्टरांचा विषय आहे, चळवळीचा याच्याशी काय संबंध? आमचे म्हणणे असे की संबंध थेट आहे. कोणत्या माणसाचे वागणे 'जन्मजात फरक' मानायचे आणि कोणाचे 'स्वभावातला दोष', हा प्रश्न या देशात दवाखान्याच्या कितीतरी आधी जातिव्यवस्थेने सोडवून टाकला आहे. एखाद्या घरचा मुलगा बोलत नाही, तेव्हा तो 'शांत' किंवा 'हुशार पण लाजाळू' असतो. आमच्या वस्तीतला मुलगा बोलत नाही, तेव्हा तो 'घुम्या' असतो. त्या घरच्या मुलाने वस्तू फेकली की त्याला समुपदेशकाकडे नेतात. आमच्या मुलाने फेकली की 'ही मुले अशीच' म्हणून शाळेतून नाव कमी होते. ही नजर शिक्षकाकडे असते, मुकादमाकडे असते, आणि पांढरा कोट घातला म्हणून ती गळून पडत नाही.

आधी दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. तो जन्मापासून असतो, मोठेपणी 'लागत' नाही. त्याच्या खुणा दोन गटांत मोडतात. एक, समोरच्याशी संवाद साधण्यातली अडचण : नजर, हावभाव, बोलण्यातला आडपडदा, मैत्रीचे न सांगितलेले नियम. दोन, वागण्यातला ठराविकपणा आणि संवेदनांचा अतिरेक किंवा अभाव : तोच रस्ता, तेच ताट, एकाच विषयाचा ध्यास, आवाज, प्रकाश, वास, कापडाचा स्पर्श सहन न होणे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या पुस्तिकेत ही व्याख्या आहे. तिथे आणखी एक महत्त्वाचे वाक्य आहे, ज्याचा अर्थ असा : लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत, पण आयुष्याच्या मागण्या वाढेपर्यंत ती उठून दिसतीलच असे नाही. म्हणजे गावच्या शाळेत कसेबसे निभावलेले मूल कॉलेजात किंवा कारखान्यात गेल्यावर कोसळू शकते.

व्यक्तिमत्त्व विकारात माणसाची स्वतःकडे आणि इतरांकडे बघण्याची, नाती जोडण्याची, भावना सावरण्याची पद्धत ताठर होऊन बसते आणि तिचा त्याला व इतरांना त्रास होतो. ही पद्धत साधारणपणे पौगंडावस्थेत किंवा तारुण्याच्या सुरुवातीला आकार घेते. डीएसएम-५ मध्ये याचे १० प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ते प्रकार मोडीत काढले असून सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रतवारी ठेवली आहे. 'बॉर्डरलाइन' हा नमुना तेवढा त्यात टिकून आहे.

आता अडचण बघा. जो माणसांत रमत नाही तो स्वमग्न असू शकतो, तसा 'स्किझॉइड' म्हणूनही नोंदला जाऊ शकतो. नियमाला चिकटून बसणारा स्वमग्न असू शकतो, किंवा 'ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह' व्यक्तिमत्त्वाचा. जिच्या भावनांचे वादळ उठते आणि जी हातावर ब्लेड मारून घेते, ती बॉर्डरलाइन असू शकते किंवा आवाज-गर्दी-बदल यांनी पिचलेली स्वमग्न मुलगी असू शकते. ज्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसत नाही, तो निर्ढावलेला असेलच असे नाही. त्याचा चेहरा भाव दाखवत नसेल. बाहेरून चित्र एकच, आतले कारण वेगळे. धम्माने आपल्याला शिकवले आहे की कारणाशिवाय काही घडत नाही. कारण चुकीचे धरले तर उपायही चुकीचाच होणार.

रोहा तालुक्यातल्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय २३, वडील कंत्राटी कामगार, आई घरकाम करते. मुलगी बारावीपर्यंत चांगल्या गुणांनी पास. नंतर कॉलेज सुटले, एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात लागली आणि चार महिन्यांत तिने तीनदा हात कापून घेतला. तिला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेले. दहा-बारा मिनिटांच्या भेटीनंतर कागदावर बॉर्डरलाइन लिहिले गेले. सोबत आईला सल्ला मिळाला, 'लक्ष वेधून घ्यायला करते, लाड करू नका.'

आम्ही त्या माउलीसोबत दोन संध्याकाळी बसलो आणि फक्त बालपण विचारले. मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती, मग एकदम मोठ्या माणसासारखी वाक्ये बोलू लागली. टाचा टेकवून चालत नसे. गणवेशाची कॉलर तिने कात्रीने कापली होती, त्याचा मार खाल्ला. वाडीत भीमजयंतीची मिरवणूक निघाली की ती धान्याच्या कणगीमागे कान दाबून बसे, आणि लोक म्हणत, 'बाबासाहेबांच्या जयंतीला पण हिचं नाटक.' दिवा-रोहा गाडीचे वेळापत्रक तिला तोंडपाठ होते आणि गाडी उशिरा आली की ती रडे. मैत्रीण एकच, ती लग्न होऊन गेली. 'हे सगळं डॉक्टरांना सांगितलंत का?' असे विचारल्यावर ती बाई म्हणाली, 'त्यांनी इचारलंच नाय. मला वाटलं, ह्ये आजारात येत नसेल.'

मग हात कापण्याच्या तिन्ही दिवसांची चौकशी केली. एकदाही कोणी तिला सोडून गेले नव्हते, कोणाशी भांडण नव्हते. तिन्ही वेळा पाळी अचानक बदलली होती किंवा तिला मोठ्या आवाजाच्या मशीनजवळ उभे केले होते. कापल्यावर 'डोक्यातला आवाज थांबतो' असे ती म्हणत होती. ही सगळी माहिती चार पानांवर लिहून आम्ही तिला दुसऱ्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तीन भेटी घेतल्या, आईशी स्वतंत्र बोलल्या, शाळेची प्रगतीपुस्तके मागितली. निदान झाले : स्वमग्नता आणि सोबत नैराश्य. आज ती घरून शिवणकाम करते, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. हात कापणे पूर्ण थांबले असे नाही, पण पूर्वीसारखे राहिलेले नाही. मुख्य म्हणजे घरातले कोणी आता तिला नाटकी म्हणत नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे आणि तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही एका लेबलाऐवजी दुसऱ्या लेबलाचा प्रचार करतो असे होईल. पेणमधल्या एका गणपती कारखान्यात रंगकाम करणारा तरुण. एका दिवसात माणसाला देव मानतो, दुसऱ्या दिवशी शत्रू. कामे सोडतो, रागात स्वतःला इजा करतो. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून त्याच्या भावाची खात्री पटली होती की हा ऑटिझम आहे. पण बालपण विचारले तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. दहा वर्षांपर्यंत तो वाडीतला सर्वांत खेळकर पोरगा होता, नकला करायचा, क्रिकेटची टीम बांधायचा. नंतर घरात रोजची मारहाण, आईचे निघून जाणे, नातेवाइकांकडे फिरत राहणे. त्याचे वादळ प्रत्येक वेळी 'हा माणूस मला टाकणार' या भीतीने उठत होते. तज्ज्ञांनी व्यक्तिमत्त्व विकाराचेच निदान केले आणि आमच्या मते ते बरोबर होते. त्याला नियमित बोलण्याच्या उपचाराची गरज होती. ती मिळवून देण्यासाठी आम्ही धडपडतो आहोत.

दोन्ही उदाहरणांत निर्णय फिरला तो एकाच गोष्टीवर, बालपणाच्या साक्षीवर.

या गोंधळाला इतिहासही आहे. १९२५ साली मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या ज्यू मानसोपचार तज्ज्ञ बाईंनी सहा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या वाचकाला ते सरळ स्वमग्नतेचे वर्णन वाटते. पण त्यांनी तेव्हा नाव दिले होते 'स्किझॉइड सायकोपथी', म्हणजे व्यक्तिमत्त्वाचाच एक विकार. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. १९४४ साली व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी 'ऑटिस्टिक सायकोपथी' हा शब्द वापरला. म्हणजे दोन्ही निदाने सुरुवातीला एकाच कपाटात होती. ती वेगळी करायला अनेक दशके गेली.

अॅस्पर्गर यांच्याबद्दल २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने कागदपत्रांनिशी दाखवून दिले की त्यांनी काही मुलांना व्हिएन्नातल्या 'अॅम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. नाझी राजवटीत त्या संस्थेत सुमारे ८०० मुले मरण पावली, त्यांतली अनेक मारली गेली. ज्या मुलांना समाजाला 'उपयोगी' ठरवता येत नव्हते, त्यांच्या कागदावरची एक ओळ मृत्युदंड ठरत होती. ज्यांना जन्मावरून उपयोगी-निरुपयोगी, शुद्ध-अशुद्ध ठरवले गेले, त्या आपल्यासारख्या समाजाने हा इतिहास विसरू नये. निदान हे शास्त्र आहे हे खरेच, पण ते करणारा माणूस कोणत्यातरी समाजात उभा असतो.

आमच्याकडे जातीनुसार निदानाचा हिशोब आमच्या वाचनात आलेला नाही. अमेरिकेत मात्र वंशानुसार तो मांडला गेला आहे. फिलाडेल्फियात डेव्हिड मँडेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोऱ्या मुलांना स्वमग्नतेचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी मिळाले होते, कृष्णवर्णीय मुलांना ७.९ व्या वर्षी. त्याच मंडळींच्या २००७ च्या अभ्यासात दिसले की पुढे स्वमग्न ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांना आधी 'वर्तन विकार' असे लेबल मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा जास्त होती. तिथे पालक आणि कार्यकर्त्यांनी प्रश्न लावून धरला, तपासणी वस्त्यांपर्यंत पोचली. २०२३ साली तिथल्या सरकारी अहवालात पहिल्यांदाच कृष्णवर्णीय मुलांमधले निदानाचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त नोंदले गेले. तिथली मुले एकाएकी बदलली नव्हती. त्यांच्याकडे बघणारी व्यवस्था बदलली होती. ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी करणाऱ्या चळवळीला हा धडा परका वाटू नये.

समाजशास्त्र शिकताना आम्ही लेबलिंगचा सिद्धांत वाचला. हॉवर्ड बेकर १९६३ साली सांगतो की विचलन हे कृत्यात नसते, समाज ते लेबल चिकटवतो. व्यक्तिमत्त्व विकाराच्या व्याख्येतच एक फट आहे : व्यक्तीच्या संस्कृतीच्या अपेक्षेपासून ठळकपणे वेगळे वागणे. कोणाची संस्कृती? कोणाची अपेक्षा? 'सगळे माझा अपमान करतात' असे म्हणणारा दलित विद्यार्थी संशयी व्यक्तिमत्त्वाचा आहे की त्याचा खरोखर रोज अपमान होतो आहे? हे न विचारता केलेले निदान अर्धवट आहे.

कायदा इथे आपल्या बाजूला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार कोणाचाही मानसिक आजार त्याच्या सामाजिक, आर्थिक, राजकीय दर्जावरून किंवा सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटाच्या सदस्यत्वावरून ठरवता येत नाही. समाजाच्या प्रचलित नैतिक मूल्यांशी न जुळणे हाही आधार चालत नाही. कलम २५ नुसार आपले मूलभूत वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे.

आणि निदानाच्या एका शब्दावर काय अवलंबून आहे तेही पाहा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यात स्वमग्नता स्वतंत्र नावाने आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण लागू होते. या ४ टक्क्यांतला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांच्यासाठी आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत स्वमग्न व्यक्तीला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. व्यक्तिमत्त्व विकाराचे नाव २१ च्या यादीत स्वतंत्रपणे नाही. 'मानसिक आजार' या सदराची व्याख्या आणि मोजपट्टी ओलांडली तरच दार उघडते. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेला एक शब्द मुलाला शाळेत लेखनिक देतो किंवा देत नाही, नोकरीची एक जागा देतो किंवा देत नाही.

म्हणून कार्यकर्त्याने कोणाला दवाखान्यात नेण्याआधी घरच्यांना पुढील गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात. निदान करणे आपले काम नाही, ते तज्ज्ञांनीच करायचे. साक्ष गोळा करणे मात्र आपले काम आहे.

१. त्रास केव्हापासून? पाच वर्षांच्या आधी बोलणे, खेळणे, खाणे, झोप, चालणे यांत काय वेगळे होते? माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीतल्या नोंदी, शाळेची प्रगतीपुस्तके जपून ठेवा. ऐकण्याची तपासणी कधी झाली आहे का, तेही लिहा.

२. वादळ कशाने उठते? आवाज, गर्दी, अचानक बदल यांनी, की नाते तुटण्याच्या भीतीने?

३. माणसांबद्दल काय अडते? समोरच्याच्या मनातले संकेत कळत नाहीत, की कळतात पण विश्वास बसत नाही?

४. ठराविकपणा कशासाठी? त्यात त्याला आधार आणि आनंद मिळतो, की चूक होण्याची भीती आणि इतरांवर ताबा हवा असतो?

५. मुखवटा आहे का? विशेषतः मुली इतरांची नक्कल करून वर्षानुवर्षे निभावतात आणि घरी येऊन कोसळतात. बाहेर 'नॉर्मल' दिसते म्हणून स्वमग्नता नाही, असे ठरत नाही.

६. मारहाण, लैंगिक अत्याचार, जातीय छळ झाला आहे का? स्वमग्न मुलांनाही छळ सोसावा लागतो. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

इथे एक इशारा आम्ही आपल्याच माणसांना देतो. स्वमग्नतेचे निदान मिळाले की काही पालक सुटकेचा श्वास सोडतात आणि म्हणतात, 'बरं झालं, आमचं पोरगं तसलं नाही.' 'तसलं' म्हणजे काय? व्यक्तिमत्त्व विकार असलेला माणूस पापी नसतो, दुष्ट नसतो. त्यांच्यातल्या अनेकांच्या मागे बालपणीच्या जखमा असतात. बॉर्डरलाइनसाठी आज जगभर वापरली जाणारी डीबीटी ही उपचारपद्धती उभी करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ साली स्वतःच्या तरुणपणातल्या आजाराची आणि दवाखान्यातल्या दिवसांची कहाणी जाहीरपणे सांगितली. उपचाराने माणूस सावरतो. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेवर बोट ठेवले, तीच आपण आजारांमध्ये उभी करणार का? वर स्वमग्नता, खाली व्यक्तिमत्त्व विकार, त्याखाली 'वेडा'? आमचा आग्रह वरचे लेबल मिळवण्याचा नाही, खऱ्या कारणापर्यंत पोचण्याचा आहे.

मागण्याही स्पष्ट असाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हायची आहे, आणि स्वमग्नता त्या यादीत आहे. आपल्या वाडीवर ती तपासणी झाली का, कोणत्या तारखेला झाली, संशयित मुलांना पुढे कुठे पाठवले, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर नाही मिळाले तर माहिती अधिकारात अर्ज टाका. पेण-रोह्याच्या माणसाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या घालाव्या लागतात. प्रत्येक फेरीला एक रोजंदारी बुडते. तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचार तज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचा ठरलेला दिवस हवा, आणि प्रौढ व्यक्तीचे निदान करताना बालपणाची माहिती घेणे सक्तीचे हवे. कोणी स्वतःला इजा करत असेल तर निदानाची वाट बघत बसू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तो विहाराच्या भिंतीवर लिहा.

याच रायगड जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. ते पाणी सार्वजनिक होते, नगरपालिकेचा ठराव होता. तरी ते प्यायला चालत जावे लागले. आज दवाखाना सार्वजनिक आहे, कायदा आहे, योजना आहे. तिथेही चालत जावे लागेल, आणि जाताना हातात आपल्या लेकराच्या बालपणाची चार पाने हवीत. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की केवळ मोठा माणूस म्हणतो म्हणून काही मान्य करू नका, तपासून घ्या. डॉक्टरांचा आदर ठेवूनही विचारता येते : 'साहेब, हे कशावरून लिहिलंत? तिचं लहानपण विचारलंत का?'

विहारातल्या येत्या रविवारच्या बैठकीत एक तास या विषयाला द्या. ज्या घरात असे मूल किंवा तरुण आहे, त्या घरी दोघे-दोघे जा, आईसमोर वही घेऊन बसा आणि लिहायला सुरुवात करा.

जय भीम! नमो बुद्धाय!